उभं लोखंड आणि माझी सही

साळवेमामांना नियतीनं नेलं नाही. आम्ही मारलं.

सकाळपासून ग्रुपवर हात जोडलेले इमोजी बघतोय. "नियतीपुढे कुणाचं चालतं." "देवाची मर्जी."

अरे, नियती काय फर्स्ट शिफ्टला येते का?

आज मामांना जाऊन एक वर्ष झालं. वर्षभर तोंड शिवून बसलो. आज बोलणार आहे, कुणाला आवडो न आवडो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. वाळूजला एका छोट्या मशीन शॉपमध्ये मी सुपरवायझर आहे. मामा तिथलं स्टोअर सांभाळायचे, मी लागायच्या आधीपासून.

आमच्याकडे लोखंडाचे गोल बार येतात, दहा-दहा फूट लांब. जाडातला एकेक बार पाऊण क्विंटलच्या वर भरतो. पूर्वी हे सगळे भिंतीला टेकवून उभे असायचे. जागा वाचते म्हणे.

मामांनी मालकांच्या मागं लागून लागून रॅक करून घेतला. भिंतीलगत खांब, खांबांना आडवे दांडे, दांड्यांची टोकं वर वळवलेली. म्हणजे बार घरंगळायला नको. जड माल खाली, हलका वर.

प्रत्येक जातीच्या लोखंडाला टोकाशी वेगळा रंग. पिवळा मागितला की पिवळाच निघायचा, दुसऱ्या कशाला हात लावावा लागत नव्हता.

"लोखंड झोपवून ठेवायचं, सायेब. उभं केलं की त्याचा भरवसा नाय."

नवा माणूस आला की पहिल्याच दिवशी हे ऐकवायचे. आम्ही हसायचो. मीसुद्धा.

गेल्या वर्षी दसऱ्याला मामा नागपूरला गेले. धम्मचक्र दिनाला दरवर्षी जायचे, रजा ठरलेलीच.

इकडं खंडेनवमीची पूजा. त्या वर्षी मोठ्या कस्टमरचे साहेब येणार, म्हणून थाटही मोठा. खुर्च्या, पडदे, फोटोग्राफर. जागा पुरेना.

मालक म्हणाले, तो रॅक काढा.

हायड्रा क्रेन बोलावली. रॅक उचलून शेडच्या मागं नेऊन टाकला. बार कोपऱ्यात भिंतीला उभे केले आणि त्यांच्यापुढं मांडवाचा पडदा लावला. पडद्यावर झेंडूच्या माळा.

हे सगळं मी जातीनं उभं राहून करून घेतलं. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे, म्हटलं.

मशीनची पूजा करायची म्हणून मशीन शॉपचीच वाट लावली. एवढी आमची अक्कल.

पाहुणे पेढे खाऊन गेले. पडदे निघाले. रॅक बाहेरच राहिला.

मामा परत आले, कोपरा बघितला आणि सरळ माझ्याकडं आले. ओरडले नाहीत. रॅक कधी आत घ्यायचा, एवढंच विचारलं.

मी म्हटलं, हायड्रावाल्याला सांगितलंय.

सांगितलं नव्हतं. दिवाळीआधीचं डिस्पॅच डोक्यावर होतं. हायड्रा आत घ्यायची तर अर्धा दिवस दोन मशीन बंद ठेवावी लागणार होती, आणि मालकांना तसं म्हणायची माझी छाती नव्हती.

मामा रोज सकाळी विचारायचे. रोज माझं एकच उत्तर. दिवाळी होऊ द्या, मामा.

दिवाळीला चार दिवस राहिले असताना मशीनला पिवळ्या टोकाचा बार हवा होता. तो नेमका मागच्या रांगेत. घाई मीच लावली होती.

मामांनी पुढचे बार खांद्यानं रेटून धरले आणि मागचा ओढायला गेले. अख्खी रांग त्यांच्या अंगावर आली.

आठ जणांनी मिळून बार बाजूला केले. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

चौथ्या दिवशी कंपनीचा रिपोर्ट तयार झाला. "कामगाराने एकट्याने माल हाताळला. सूचनांचे पालन केले नाही."

त्यात रॅकचं नाव नाही, पूजेचं नाव नाही. रॅक तर तोवर आत येऊन रंगवूनही झाला होता. तेव्हा बरी मिळाली हायड्रा!

ज्यानं आयुष्यभर सगळ्यांना लोखंड नीट ठेवायला शिकवलं, त्याच्याच डोक्यावर खापर फोडलं. साक्षीदार म्हणून खाली सही कुणाची?

माझी.

आणि आज कंपनीच्या पेजवर मामांचा हसरा फोटो टाकलाय. "सुरक्षा हीच आमची संस्कृती." मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणं आणखी काय असतं?

गेल्या महिन्यात गारखेड्यात भाजी घेताना मामी भेटल्या. चौकशी झाली, पोरांचं विचारलं. मग हळूच म्हणाल्या,

"भाऊ, समदे म्हणत्यात यांचीच चूक व्हती. लेकीच्या सासरीबी तेच ऐकवत्यात. तुमी तर तिथंच व्हता ना?"

मी "येतो मामी" म्हणालो आणि गाडीला किक मारली. असला मी माणूस. त्या दिवसापासून जेवण गोड लागलेलं नाही.

आज सकाळी त्यांच्या घरी गेलो. पूजा, हायड्रा, माझं खोटं बोलणं, सही, सगळं सांगितलं. वाटलं होतं हाकलून देतील. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. रडल्या नाहीत.

"मला सांगून काय उपेग? जिथं सही केली, तिथं लिहून द्या."

तिथून थेट फॅक्टरी इन्स्पेक्टरच्या ऑफिसात गेलो. जबाब लिहून दिला. पहिला रिपोर्ट खोटा आहे, रॅक कुणी काढला, का काढला, आत घ्यायचं कुणी टाळलं, सगळं नावानिशी. माझ्या नावासकट.

उद्या गेटवर कार्ड चालेल की नाही माहीत नाही. न चालो.

एकच विनंती. खाली "नियती" लिहू नका. आणि लेकीच्या सासरचं कुणी हे वाचत असेल, तर ही पुढची ओळ घरात मोठ्यानं वाचून दाखवा.

साळवेमामांची काहीही चूक नव्हती.

जय भीम, मामा.