वंदनाची पकड

नांदेडला एसटीत बसले ती चडफडतच. मी पुण्यात हाताच्या शस्त्रक्रिया करते, खेळाडूंच्या दुखापती बघते. पेशंटनं माझ्याकडे यायचं, अशी साधी रीत. पण वंदना ऐकेल तर शपथ! चार महिन्यांपूर्वी पुण्यातल्या कबड्डीच्या सामन्यात तिनं चढाईवाल्या पोरीचा टी-शर्ट धरला, पोरगी निसटली आणि हिच्या बोटातली कंडरा (बोट वाकवणारी दोरी) तुटली. ती मी शिवली. आता उद्या जिल्ह्याच्या संघाची निवड, आणि ही फोनवर म्हणते, "मॅडम, टेबलावर काय कळतंय? मैदानात येऊन बघा."

हिंगोली जिल्ह्यातल्या वारंगा फाट्यावर उतरून भजी खाल्ली आणि घाईत जीभ भाजून घेतली. तेवढ्यात वंदना स्कूटीवर आली. मी आधी तिचं ब्रेकवरचं बोट पाहिलं. छान वाकत होतं. पुढे रस्त्याकडेच्या खळ्यांवर शिजवलेली हळद वाळत पडलेली. तिच्या वासानं गावापर्यंत मी शिंकतच गेले.

घरी वंदनाच्या सासूबाईंनी ज्वारीची भाकरी, पिठलं आणि ठेचा वाढला.

"डॉक्टरीनबाई, आपरेशन झालं तवा हिला बघायला आख्खं गाव आलं. जो तो म्हणे, मूठ वळून दाखव! काहून (कशाला) दाखवायची? तुमी नको म्हणलं व्हतं ना? मंग मी दारातच बसून ऱ्हायले. म्हणलं, बोट दिसंल, मूठ न्हाई!"

मला त्या बाईला मिठीच मारावीशी वाटली. जेवणानंतर वंदनाचं एकेक पेर तपासलं. ताकद उत्तम होती, तरी तिचा चेहरा उतरलेला.

"शीर शिवली, पर भ्या वाटून राहिलं, मॅडम. पुन्हा कुणी हिसका मारला तर? पकड सुटली तर मी स्वतःच नाव काढून घेईन."

"चल मैदानात. मीच येते चढाईला."

शाळेमागच्या मैदानात संघातल्या पोरी आधीच खिदळत उभ्या. मी ओढणी कमरेला खोचली, "कबड्डी कबड्डी" करत आत शिरले. वंदनानं मनगट धरलं. मी जीव खाऊन हिसका मारला. कसलं काय! तोंडावर आपटले, करंगळी मुरगळली, तरी तिची पकड तश्शीच.

"सुटली का?" तिनं धापा टाकत विचारलं.

"नाही गं बाई! सोड आता! आणि खेळ!"

ती हसता हसता रडायला लागली. माझेही डोळे भरून आले, ते काही करंगळीमुळे नव्हे. घरी आल्यावर सासूबाईंनी माझं बोट शेजारच्या बोटाला चिंधीनं बांधलं आणि बजावलं, "हलवायचं न्हाई."

पुण्याला परतले. पेशंटला सूचना द्यायच्या आणि मोकळं व्हायचं, एवढंच मी आजवर करत आले. त्या पाळल्या जाव्यात म्हणून कुणीतरी दारात ठाण मांडून बसतं, हे मला हिंगोली जिल्ह्यात कळलं.

दारातच नवऱ्यानं चिंधी पाहिली. "अगं, हे काय! बघू, मूठ वळून दाखव."

मी वळणार, तोच फोन वाजला. "मॅडम, झाली निवड!" वंदना ओरडत होती. मागून सासूबाईंचा आवाज आला, "तिला इचार, मूठ वळून दाखवत न्हाई ना कुणाला?"

मी मुकाट्यानं हात मागे घेतला.