चांगलं झालेलं निनावं

श्याम प्रधानांना मी सहा वर्षं ओळखतो, म्हणजे त्यांच्या खालच्या मजल्यावर राहतो. दिल्लीतल्या द्वारकेच्या आमच्या सोसायटीत खाली राहणारा माणूस वरच्यांच्या फोडणीत, भांडणात आणि कुंड्यांच्या पाण्यात आपोआप वाटेकरी होतो. यंदा श्रावण संपताना त्यांच्या निनाव्यातही माझा वाटा निघाला. जीभ अजून साफ झालेली नाही.

निनावं म्हणजे बेसन, गूळ आणि नारळाचं दूध आटवून, वरखाली आच देऊन भाजलेली जाड वडी. प्रधानांकडे ती श्रावणातल्या अमावास्येला होते. त्यांच्या आई, कुसुमावतीबाई, गेल्या फाल्गुनात वारल्या. त्यानंतरची ही पहिली श्रावणी अमावास्या, आणि धाकटी बहीण उल्का ठाण्याहून खास येणार होती. तिच्या पानात आईच्या हातचीच चव पडली पाहिजे, नाहीतर ती चव कायमची गेली, असं श्यामरावांनी मनाशी धरलं. माणूस निवृत्त अंडर सेक्रेटरी. त्यानं मनाशी काही धरलं की घरात त्याची फाइल उघडते.

आईची वही निघाली, तिचा गोल अल्युमिनियमचा ओव्हन निघाला, मापाला तिचीच वाटी. पहिलं निनावं झालं. श्यामरावांनी तुकडा तोंडात टाकला आणि सिंककडे जाऊन थुंकले.

“छी. काय हे.”

लतिकावहिनींनी चाखून पाहिलं. “अहो, मस्त झालंय की.”

“तेच सांगतोय. आईचं मस्त नसायचं.”

दुसऱ्या खेपेला जायफळ वाढवलं. तिसऱ्या खेपेला बूड मुद्दाम करपवलं. दर वेळी श्यामरावांचा चेहरा कारल्याचा रस पाजल्यासारखा व्हायचा, आणि नाकारलेला माल डबा भरून माझ्याकडे यायचा. माझं बरं चाललं होतं, खोटं कशाला बोला.

अमावास्येच्या आदल्या दिवशी सकाळी उल्काताई आल्या. चौथ्या निनाव्याचा तुकडा त्यांनी घोळवून घोळवून खाल्ला.

“दादा, विकत आणलंस का रे?”

“घरी केलंय.”

“मग इतकं गोड का लागतंय? शी.”

श्यामराव वही मिटून बसले. चार वेळा केलं, आता आणखी काय करायचं, हे वहीत नव्हतं.

इतक्यात स्वयंपाकघरातून वहिनी नाकाला पदर लावून बाहेर आल्या. हातात पिशवी. उल्काताईंनी ठाण्याहून पाच नारळ आणले होते. त्यातला एक गाडीत बर्थखाली तडकला होता. आतलं खोबरं गुलाबी पडून बुळबुळीत झालेलं, आणि वास असा, की कुणाची तरी न धुतलेली उशी वर्षभर तेलात मुरवली असावी.

“मी हा खाली टाकून येते,” वहिनी म्हणाल्या.

“थांब,” श्यामराव म्हणाले. त्यांनी पिशवीत नाक घातलं. मग पिशवी बहिणीपुढे धरली. “घे वास.”

उल्काताईंनी घेतला, तोंड फिरवलं, आणि हळूच म्हणाल्या, “दादा, माळा.”

दोघांच्या लहानपणी, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये, कुसुमावतीबाईंचा एकच सिद्धांत होता: दिल्लीच्या नारळाला दूध नसतं. त्यामुळे मे महिन्यात मुंबईहून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यानं नारळ आणायचे, आणि ते अमावास्येपर्यंत माळ्यावर जपायचे. दिल्लीच्या उन्हाळ्यात, पत्र्याच्या डब्यात. त्यातले निम्मे खवट व्हायचे, पण इतक्या लांबून आलेला नारळ टाकायचा कसा? बाईंना वास यायचा नाही की त्या दाखवायच्या नाहीत, देव जाणे. मुलांना वाटायचं, निनावं नावाचा पदार्थ मुळातच असा असतो. ती नाक दाबून, घोटभर पाण्याबरोबर गिळायची.

“हे घरात शिजणार नाही,” वहिनी म्हणाल्या. “बिल्कुल नाही.”

शिजलं. मी खाली खिडक्या बंद केल्या, तरी वाटलं एसीच्या नळीत काहीतरी मेलंय. तक्रार करायला वर गेलो, तर मला पाटावर बसवून वाढलं गेलं. तुकडा जिभेवर ठेवला मात्र, घशानं उलटा रस्ता धरला. टाळ्याला साबणासारखा थर बसला. तो गुळानंही उतरेना. वहिनी हातरुमाल तोंडावर दाबून गॅलरीत उभ्या राहिल्या.

समोर साठीतले बहीण-भाऊ नाक दाबून, डोळे मिटून बसले होते. दोघांनी एकदमच गिळलं. वर पाणी.

“हेच,” उल्काताई म्हणाल्या. डोळ्यांतून पाणी येत होतं. त्यातलं किती वासाचं, ते मी विचारलं नाही.

“शी,” श्यामराव समाधानानं म्हणाले. “अगदी हेच.”

“झालं ना मग?” गॅलरीतून वहिनी. “उरलेलं टाकू आता?”

श्यामरावांच्या अंगावर शहारा आला. तरी त्यांनी ताटली पुढे केली.

“आई एकावर सोडायची नाही. अजून एकेक वाढ.”

मग माझ्याकडे बघून म्हणाले, “पाहुण्याला दोन.”