औषधालाही लोभ नाही

शहाण्णव पानांचं एक पुस्तक वाचून मी माझ्या मुलाचं ठरत आलेलं लग्न मोडलं होतं.

पुस्तकाचा तसा काही दोष नव्हता. पुण्याला गेलो असताना एका प्रदर्शनात मी ते घेतलं, कारण ते बारीक होतं. (जाड पुस्तकं मी फक्त भेट द्यायला घेतो.) खाऱ्या पाण्याचं एक गाव. तिथे एकाच माणसाच्या अंगणात गोड्या पाण्याची विहीर. आधी तो सगळ्यांना पाणी देतो. मग घागरीमागे एक नारळ मागतो, मग कोंबडी, मग शेळी, मग शेत. एकेक घर कंटाळून गाव सोडतं. शेवटी विहीर उरते आणि तो उरतो. आणि उपसाच नाही म्हटल्यावर विहिरीचं पाणी नासतं. संपली कादंबरी. चेन्नईजवळच्या तांबरमहून ओरगडमला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये मी ती दोन दिवसांत वाचली आणि शेवटच्या पानावर मला दरदरून घाम फुटला. (बसचा एसी बंद होता, हेही खरं.) त्या माणसाच्या जागी मला मी दिसलो!

दिसण्याचं कारण आमच्या बाल्कनीत होतं. चेन्नईत बावीस वर्षं काढलेल्या माणसाचा देवावर विश्वास असू शकतो, टँकरवर नसतो. आमच्या बाल्कनीत दोन निळी पिंपं आणि प्लास्टिकच्या अकरा घागरी कायम भरलेल्या असत. शेजाऱ्यांना दिसू नयेत म्हणून मी त्यांच्यावर चादरी वाळत घालत असे. चादरी धुतलेल्या असतच असं नाही. कादंबरी संपली त्या संध्याकाळी मी एकेक दार ठोठावून सगळं पाणी वाटून टाकलं. दुसऱ्या दिवशी टँकर आला नाही. तिसऱ्या दिवशीही आला नाही.

"उद्धार तुमचा झाला," शुभदा, म्हणजे माझी बायको, कोरड्या बादलीकडे बघत म्हणाली, "आंघोळ माझी राहिली."

पण मी आता थांबणार थोडाच! कँटीनमध्ये, लिफ्टमध्ये, बँकेच्या रांगेत, जिथे दोन मराठी कान सापडतील तिथे मी त्या कादंबरीवर बोलू लागलो. इथे एक बारीकशी गोष्ट सांगून ठेवतो. 'हाव' हा शब्द मला फार किरकोळ वाटत असे. हाव जिलबीची असते. माझ्या व्याख्यानांना शोभायचा तो 'लोभ'. त्यातला 'भ' म्हणताना छाती कशी भरून येते! हाव म्हटलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

याच सुमारास आमच्या ओंकारने सांगितलं की त्याला जानकीशी लग्न करायचंय. दोघं एकाच आयटी कंपनीत, चार वर्षांची ओळख. मुलगी तंजावरी मराठी घरातली. या मंडळींचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी इकडे आले, येताना मराठी घेऊन आले आणि ती त्यांनी घरातल्या जुन्या तांब्यासारखी सांभाळून ठेवली. जानकी ओंकारशी इंग्रजीत भांडते, तमिळमध्ये समेट करते आणि मराठी फक्त आज्जीशी बोलते. या आज्जी चौऱ्याऐंशी वर्षांच्या, आणि त्या घरात शब्द चालतो तो त्यांचा. जानकीने स्वच्छ सांगितलं होतं, आज्जी नको म्हणाली तर हे लग्न होणार नाही. त्यामुळे त्यांच्या घरी जायला निघताना ओंकारने मला दारात अडवलं.

"बाबा, प्लीज. दोन तास कमी बोला."

मी म्हटलं, अरे, मी बोलतोच किती. त्यावर घरात जी शांतता पसरली ती मी मनाला लावून घेतली नाही.

अड्यारचं त्यांचं घर, पंख्याखाली मांडलेल्या खुर्च्या, मधोमध नऊवारीतल्या आज्जी. मुलगी बघायला गेलं की इकडे सोज्जी-बज्जी येते, म्हणजे शिरा आणि भजी. ती आली. फिल्टर कॉफी आली. मुलीचे वडील माधवराव रेल्वेतून निवृत्त झालेले, अतिशय सज्जन, अर्धं वाक्य मराठीत सुरू करून तमिळमध्ये उतरवणारे. आज्जींनी ओंकारला शेजारी बसवून घेतलं आणि स्वतःच्या हाताने त्याला दुसऱ्यांदा शिरा वाढला. शुभदाने माझ्याकडे बघून डोळ्यांनीच सांगितलं, जमलं! आणि तेवढ्यात माधवराव म्हणाले की मुलीबरोबर ताटं भरून वस्तू द्यायची त्यांच्याकडे रीत आहे, भांडी देऊ, फ्रिज देऊ, आणखी काय हवं ते सांगा.

माझ्या आत ती विहीर खळखळली. मी उभा राहिलो. (बसून बोललो असतो तर कदाचित कमी नुकसान झालं असतं.)

"आज्जी," मी म्हणालो, "एक गोष्ट आधीच सांगतो. आमच्या घरात लोभ औषधालाही सापडणार नाही."

आज्जींचा हात ओंकारच्या पाठीवर होता. तो तिथेच थांबला.

"काही सुद्धा नाही?"

"तिळभर नाही. माझ्या वडिलांनी केला नाही, मी केला नाही. यालाही लहानपणापासून लांब ठेवलाय. कधी चुकून दिसलाच, तर फटके देऊन काढला."

आज्जी शुभदाकडे वळल्या. त्यांचा आवाज खाली आला होता. "आणि ह्यांचं? ह्यांचं कसं चालतं?"

"तिला सुरुवातीला जड गेलं," मी मोकळेपणाने सांगितलं, "माहेरची सवय होती ना. पण तीस वर्षांत मी तिचीही मोडली. आता मागत नाही."

आज्जींच्या डोळ्यांत पाणी आलं. ते मला कौतुकाचं वाटलं! माधवराव तर प्रत्येक वाक्याला इतक्या आनंदाने मान डोलावत होते की मला आणखी चेव आला. मी अख्खी कादंबरी सांगितली. विहीरवाला मीच, गावकरी मीच, शेळीही मीच. शेवटी पिशवीतून पुस्तक काढून मी ते आज्जींच्या हातात दिलं आणि म्हणालो, "वाचाच. लोभापायी माणसाचं काय होतं ते यात आहे."

आज्जींनी ते दोन्ही हातांनी घेतलं आणि विंचू ठेवावा तसं लांब ठेवलं. परतताना गाडीत मी शुभदाला म्हणालो की इतकं मन लावून ऐकणारं घर नशिबाने मिळतं.

तिसऱ्या दिवशी माधवरावांचा फोन आला. आईचं मन नाही, म्हणाले. कारण विचारलं तर त्यांनाच ते माहीत नव्हतं.

ओंकार ओरडला असता तर बरं झालं असतं. तो ओरडला नाही. सकाळी स्टेशनला जायला निघायचा, डबा टेबलावर तसाच राहायचा. बोलणं दोन शब्दांवर आलं: 'जेवलो' आणि 'निघतो'. चार वर्षं त्याने जमवलेलं मी कॉफी निवायच्या आत घालवलं होतं, आणि कसं घालवलं तेच मला कळत नव्हतं. मी रिकाम्या घागरींमधून येरझाऱ्या घालायचो. आपण फ्रिज नको म्हटला, त्याचा राग आला असेल का? फोन करून फ्रिज मागू का? (शुभदाने माझा फोन काढून घेतला.)

आठव्या दिवशी ओंकार स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"बाबा, आपल्या घरात कुणाची कुणावर माया नाही, असं तुम्ही त्यांना सांगितलंत?"

"मी? मी असं कशाला सांगेन?"

"आज्जी रडतायत, जानकी म्हणाली. मुलगा गुणी आहे म्हणतात. पण बाप उभा राहून सांगतो, आमच्याकडे लोभ औषधालाही नाही, दिसला तर फटके देऊन काढतो. त्या घरी पोरीला कशी पाठवू?"

शुभदाने हातातली पळी खाली ठेवली. "अहो, तुमच्या आई पत्राच्या शेवटी काय लिहायच्या?"

"नेहमीचंच. लोभ आहेच, तो वाढा..." इतकं म्हणालो आणि मी तिथेच फरशीवर बसलो.

आमच्याकडे पत्रं बंद झाली आणि लोभातली माया त्यांच्याबरोबर गेली. मागे राहिली ती नुसती हाव. आज्जींच्या घरी मात्र लोभ अजून लोभच होता. कुणावर तरी जडणारा, पत्राच्या शेवटी मागून घ्यायचा. आता मी माझं भाषण त्यांच्या कानांनी पुन्हा ऐकू लागलो. वडिलांनी केला नाही. मी केला नाही. बायकोची सवय मोडली. आता मागत नाही! मी डोकं धरून शुभदाला म्हणालो, "काय सांगून आलो गं मी."

"तसं अगदीच खोटं नाही सांगितलंत," ती म्हणाली आणि गॅस बंद करायला वळली.

त्याच रविवारी आम्ही तिघं पुन्हा अड्यारला गेलो. मी दारातच आज्जींच्या पायांवर डोकं ठेवलं आणि सगळा घोटाळा सांगितला. ऐकून सगळ्यात मोठा धक्का माधवरावांना बसला. तमिळमध्ये लोभी म्हणजे कंजूष. आमच्या घरात लोभ नाही हे ऐकून त्यांना वाटलं होतं की ही मंडळी खर्चाला मागेपुढे पाहणारी नाहीत, म्हणून मान डोलत होती. दुसऱ्याच दिवशी ते दोन मोठी मंगल कार्यालयं बघून आले होते! त्या दिवशी एका खोलीत आज्जी, माधवराव आणि मी बसलो होतो, शब्द एक होता, आणि तिघांनी तो तीन दुकानांतून घेतलेला.

आज्जी हसल्या नाहीत. माझं पुस्तक त्यांच्या मांडीवर होतं, त्यावर भिंग.

"ते मला ठाऊक झालं," त्या म्हणाल्या. "दोनदा वाचलं मी. तुम्ही लोक हावेस लोभ म्हणता."

मी सुटकेचा श्वास घेतला. तो अर्ध्यावरच अडकला, कारण त्या पुढे बोलू लागल्या.

"पण लिहिणाऱ्यास ते पुस्तक समजलं नाही. तुम्हांस देखील नाही. त्या विहीरवाल्यास लोभ फार झाला म्हणता. त्यास लोभ होता कुठे? घागर घेऊन येणाऱ्या एका माणसावर जरी असता, तर पाणी नासलं नसतं. त्याने पाणी राखलं. माणसं राखली नाहीत."

मी म्हणालो, "आज्जी, अगदी माझ्या मनातलं..."

"तुमच्या मनातलं नव्हे. शब्द चुकला, ते सोडा. त्या दिवशी तुम्ही तासभर बोलत होता. मुलाच्या हातात शिऱ्याचा घास तसाच होता. त्याचं तोंड पांढरं झालं होतं. तुम्ही त्याजकडे एकवार तरी पाहिलंत?"

मी ओंकारकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. दहावीच्या निकालाच्या दिवशी झाले होते तसे त्याचे कान लाल झाले होते. माझ्याकडे त्या क्षणी किमान चार उत्तरं तयार होती, त्यातली दोन तर फारच चांगली होती.

"नाही पाहिलं," मी म्हणालो. आयुष्यात इतकं छोटं वाक्य मी पहिल्यांदाच बोललो.

आज्जींनी मांडीवरचं पुस्तक बाजूला ठेवलं. मग त्यांनी जानकीला हाक मारली आणि शिरा आणायला सांगितला. "पोर देते," त्या म्हणाल्या. "एक अट आहे. लग्नाचे दोन दिवस मुलाच्या बापाने बोलायचं नाही."

माधवरावांनी ती अट लगेच तमिळमध्येही सांगितली, न जाणो पुन्हा घोळ व्हायचा!

तर लग्न झालं. दोन दिवस मी गप्प होतो. मांडवात कुणी काही विचारलं की मी हात जोडायचो. लोक म्हणू लागले, मुलाचे वडील किती गंभीर आहेत, किती खोल! एका मामींना घसा बसलाय असं वाटलं, त्यांनी मिरीचा काढा करून आणला. तो मी मुकाट्याने प्यायलो. दुसरं काही करता येत नसल्यामुळे मी ओंकारकडे बघत बसलो. हसताना तो आधी डावीकडे मान झुकवतो. सव्वीस वर्षांत हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. जेवताना आज्जींनी माझ्या पानात स्वतः पायसम वाढलं. 'पुरे' म्हणायची सोय नव्हती, त्यामुळे त्या वाढत राहिल्या आणि मी खात राहिलो.

आज लग्नाला पाच दिवस झाले. अटीची मुदत केव्हाच संपली. पण काल आतल्या खोलीचं दार लोटून शुभदा आज्जींशी फोनवर बोलत होती. तीस वर्षांत असे दोन दिवस पहिल्यांदाच मिळाले, म्हणत होती. आणखी महिनाभर वाढवून मिळतील का? पुढच्याच क्षणी ती हसून 'उपकार झाले' म्हणाली, म्हणजे आज्जींनी क्षणभरही विचार न करता हो म्हटलं असणार.

यात लोभ किती आणि हाव किती, हे मला शुभदाला विचारायचं आहे. (पण त्यासाठी बोलावं लागेल.)