केसरवरचा पहारा

सुरतेच्या डॉक्टरांनी कागदावर 'न्यूरॉसिस' असं लिहिलं आणि मला म्हणाले, "बेन, आज हा मनाचा घाबरटपणा आहे. झोप उडते, छाती धडधडते, पण माणूस भानावर असतो. पुढं याचा सायकोसिस होऊ शकतो. म्हणजे जे नाही ते दिसतं, ऐकू येतं, आणि ते खरंच आहे असं माणूस धरून बसतो."

"माझ्या बहिणीला होईल का?"

"कुणाला होतो, कुणाला होत नाही. आधी सांगता येत नाही. तुमच्या घरात कुणाला होता?"

आईच्या सख्ख्या बहिणीला होता. मी सांगितलं, त्यांनी तेही लिहून घेतलं. माझी धाकटी बहीण केसर बाहेर बाकावर पिशवी छातीशी धरून बसली होती.

"लोक माझ्याकडे बघतात, माझ्याबद्दल बोलतात, जेवणात काही कालवतात असं म्हणाली, तर लगेच घेऊन या," डॉक्टर म्हणाले. "लक्ष ठेवा."

लक्ष ठेवा! एवढे दोन शब्द, आणि मी त्यांची माती केली. तुमच्या घरात असं दुखणं आलं तर माझ्यासारखं करू नका, म्हणून हे सांगते आहे.

महाराष्ट्र झाला त्याच्या पुढचा हिवाळा होता. सुरत गुजरातेत गेली, तरी नंदुरबारहून तिथल्या दवाखान्याला जायची आमची गाडी तीच होती आणि खोकणारी माणसंही तीच. केसर सारंगखेड्याला दिलेली. नवरा भगवान, केळीची बाग, तीन वर्षांची पोर. पावसाळा सरल्यापासून तिची झोप गेली. चूल विझली का ते दहादा बघायची, पोरीच्या नाकापुढं बोट धरून श्वास तपासायची. सासूनं पोर आपल्याकडे घेतली आणि केसरला माझ्याकडे नंदुरबारला धाडलं. भगवान माणूस वाईट नव्हता, पण निघताना बोलला, "आक्का, येड लागनं तर मी वेड्यांच्या इस्पितळात घालसू. घरमा पोर शे." केसर तिकडे गेली तर पोरीला आई परत मिळणार नव्हती.

मी मिरचीच्या पथारीवर मुकादमीण. पथारी म्हणजे लाल मिरची वाळवायचं उघडं मैदान. तिथं वीस बायका ओळीनं बसून देठ खुडायच्या. केसर घरी एकटी नको म्हणून तिलाही ओळीत बसवलं. आणि माझी अक्कल बघा! तिच्या नकळत मी एकेकीला गाठून बजावलं, "हिच्यावर नजर ठेवा. काही वेडंवाकडं दिसलं तर मला सांगा."

मिरचीच्या खाटानं, म्हणजे तिखट धुरळ्यानं, तिथं सगळ्याजणी नाकातोंडावर पदर घट्ट बांधतात. बोलायला तोंड उघडलं की ठसका लागतो, म्हणून आमचं बोलणं डोळ्यांनीच चालतं. भुवई उडवली की काय झालं, डोळे मिटले की काही नाही. नव्या बाईला महिनाभर कळत नाही.

मी स्वतः तर कहरच केला. ती किती भाकरी खाते, कितीदा कूस बदलते, विहिरीवर किती वेळ लावते, सगळं बघायचे. हसली तरी धसका, गप्प बसली तरी धसका. मलाच झोप येईना. हात दिवसभर मिरचीनं जळायचे आणि जीव तिच्यापायी.

तीन आठवड्यांनी तिनं पाटी खाली ठेवली आणि म्हणाली, "आक्का, सम्द्या बाया मन्हाकडे देखी ऱ्हायन्यात. मी उठनू का एक तरी मन्हा मांगे येस."

डॉक्टरांनी सांगितलेलं हेच ते! भगवानला निरोप धाडला. तो बसनं आला, बायकोकडे बघितलंही नाही, खाली मान घालून म्हणाला, "आते इस्पितळना कागदवर सही करनी पडी." मी त्याच्यावर खेकसले आणि मग चुलीपुढं बसून रडले.

दुसऱ्या दिवशी तिघं सुरतेला गेलो. दवाखान्यात भिंतीला टेकून दुपारपर्यंत ताटकळलो. डॉक्टर केसरशी एकटीशी बोलले, मग मला आणि भगवानला आत घेतलं.

"ती म्हणते, कामावरच्या बायका तिच्याकडे बघतात," ते म्हणाले. मग पेन हातात धरूनच विचारलं, "बघतात का?"

"बघतात," मी म्हटलं. "मीच सांगितलंय."

"किती जणींना?"

"विसाच्या विसांना."

त्यांनी पेन खाली ठेवलं. रागावले असते तर बरं वाटलं असतं. "मग तिला जे दिसलं ते बरोबर दिसलं," ते म्हणाले. "आजार पुढं जाईल का, हे मला आजही सांगता येणार नाही. पण पहिलं चिन्ह कुणाला कळेल तर तिला स्वतःला. तिनं ते तुम्हाला सांगावं, असं तुमचं वागणं आहे का?"

भगवानही खाली बघत होता. सही त्या दिवशी झाली नाही.

पथारीवर परतल्यावर मी भर ओळीसमोर तोंडावरचा पदर सोडला. ठसका लागला, नाकाडोळ्यांतून पाणी आलं, तशातच केसरला सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले, मावशीचं काय झालं होतं, मला कशाची भीती वाटते, आणि या बायकांना मी काय करायला लावलं. केसरनंही तोंडावरचा पदर सोडला. मग म्हणाली, "मंग माले इचारानं ना, आक्का!"

त्या दिवसापासून रोज सकाळी मी विचारायचे आणि ती सांगायची. कधी बरं, कधी छातीत धडधड. एका सकाळी माझा हात धरून म्हणाली, "आक्का, कानमा कोनी तरी मन्हं नाव लिधं. घरमा कोनीच नही व्हतं."

घाबरले, खोटं कशाला सांगू? पण या वेळी तिनं आपण होऊन सांगितलं होतं. आम्ही पुढचीच गाडी पकडली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तिच्या अंगाला जडपणा आला, तोंड कोरडं पडलं, पण आवाज थांबला. होळीच्या आधी ती सारंगखेड्याला गेली. पोर आधी ओळखेना, मग मांडीवरून उतरेना.

त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. गोळ्यांपेक्षाही त्यांच्या 'बघतात का?' या एका प्रश्नाचे.

पुढं एकदा मी केसरच्या घरी मुक्कामाला होते. भगवान सकाळी बागेत निघाला, दारात थांबला, म्हणाला, "केसर, आज कसं शे?"

"बरं शे," ती म्हणाली. "तुम्हनं कसं शे?"

भगवान चपला हातात घेऊन तसाच उभा राहिला. त्याला हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं.