खेळाच्या बाईंची सही

शाळेत त्यांना सगळे खेळाच्या बाई म्हणायचे. सव्वीस वर्षं त्यांनी मुलींकडून एकच गोष्ट घोकून घेतली: कुणी अंगावर आलं तर लाजायचं नाही. मैदानाला सहा फेऱ्या, दोरीच्या उड्या, मग जोडीजोडीने मनगट सोडवायचा सराव. धरणाऱ्याच्या अंगठ्याच्या बाजूने हात पिळून काढायचा आणि त्याच दमात नाकावर तळहात हाणायचा. ओरडायचं ते पोटातून. पहिल्या आठवड्यात मुली खुदुखुदु हसायच्या. महिन्याभरात गणिताचे सर कपाळाला हात लावून खिडक्या बंद करून घ्यायचे.

हे वेड बाईंनी उगाच लावून घेतलं नव्हतं. विशीत असताना एकाने त्यांना जिन्यात भिंतीशी दाबलं होतं. धावण्याच्या शर्यतीत पहिल्या येणाऱ्या बाईंचा तेव्हा ना पाय हलला, ना आवाज फुटला. हे त्यांनी नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही.

मग एका दुपारी नववीतल्या मुलीने, शिवणकाम करणाऱ्या एका बाईच्या लेकीने, संगणकाच्या सरांचं नाक फोडलं. सर म्हणजे संस्थेच्या अध्यक्षांचा भाचा. वही दाखवायला बोलावून त्याने खोलीचं दार लावलं होतं. मुलगी धावत थेट बाईंकडे आली. म्हणाली, "बाई, तुम्ही शिकवलं तस्संच केलं."

बाईंनी तिला पोटाशी धरलं.

तिसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावलं. कागद तयारच होता: सदर विद्यार्थिनी पहिल्यापासून मारकुटी असून खेळाच्या तासालाही तिने इतर मुलींना इजा केली आहे. मुख्याध्यापक काही दुष्ट नव्हते. खिडकीबाहेर बघत त्यांनी सांगितलं, की सही झाली तर प्रकरण इथेच मिटेल. नाहीतर चौकशी आधी मारामारी शिकवणाऱ्याची होईल. बाईंच्या निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि सही केली.

महिन्याभराने मुलीची आई शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आली. मुलगी बरोबर नव्हती. आईने आरडाओरडा केला नाही. व्हरांड्यात बाईंना गाठून तिने एवढंच विचारलं, "पोरगी म्हणते, बाईंना कुणीतरी धरून लिहायला लावलं असणार. खरंय का?"

"हो" म्हणणं सोपं होतं. पोरीच्या मनात बाई तेवढ्या तरी उरल्या असत्या.

"नाही," बाई म्हणाल्या. "मला कुणी धरलं नव्हतं."

आईने मान हलवली, दाखल्याची घडी घालून पिशवीत ठेवली आणि जिना उतरून गेली.

त्यानंतर बाईंच्या तासाला फक्त कवायत होते. हात वर, हात खाली, विश्राम. गणिताचे सर खिडक्या उघड्या ठेवतात. भाचा अजून तिथेच शिकवतो. शिक्षकांच्या खोलीत बाई आल्या की उठून त्यांना खुर्ची देतो, आणि बाई बसतात.