सेमीफायनलसाठी राखून ठेवलेला

आखातात नोकरी लागली तेव्हा वाटलं होतं, आता शुक्रवारी तरी झोप मिळेल. नव्वदच्या दशकात तिकडे आठवड्याची सुट्टी शुक्रवारी असायची. पण आमच्या कंपनीची क्रिकेट टीम होती आणि मी पडलो मुंबईचा. मुंबईच्या माणसाला क्रिकेट येतंच, असा आमच्या जनरल मॅनेजरचा ठाम समज होता. त्यामुळे सहा दिवस शारजाहून दुबईला जायचं, पुढच्या गाडीचा नंबर पाठ होईपर्यंत ट्रॅफिकमध्ये बसायचं, आणि सातव्या दिवशी पहाटे उठून वाळूत उभं राहायचं. दोन हंगामांनी मी कॅप्टन झालो. दुसरं कोणी व्हायला तयार नव्हतं, एवढीच माझी लायकी.

सामने पंचवीस ओव्हरचे असायचे आणि एका बॉलरला पाचच ओव्हर टाकता यायच्या. म्हणजे पाच बॉलर हवेत. आमच्याकडे चार होते, आणि चौघेही साइटवरचे. पाचवा कोण, या प्रश्नावर आम्ही दर शुक्रवारी हरायचो. शेवटी जनरल मॅनेजर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"इस बार छुट्टी पे जाओगे ना, तो कोई पुराना खिलाडी ले आओ," ते म्हणाले. "हीरो नहीं चाहिए. पाँच ओव्हर डाल दे, बस."

पुराना म्हटल्यावर मला एकच बॉलर आठवला. मुंबईत ऑफिस क्रिकेट खेळायचो तेव्हा त्याच्यासमोर उभं राहिलं की माझे पाय आपोआप लेगला सरकायचे. सरळ येणारा चेंडू टप्पा पडल्यावर आत घुसायचा. कसा, ते कळेपर्यंत आम्ही तंबूत. पण मी सुट्टीवर गेलो तेव्हा त्याचे दिवस फिरले होते. ज्या कारखान्याने त्याला क्रिकेटसाठी नोकरी दिली होती, त्याने आधी टीम बंद केली, मग कारखानाच बंद केला. कंपनीचं क्वार्टर रिकामं करावं लागलं. बायको-मुलीसह तो अंबरनाथला मेव्हण्याच्या घरी राहत होता. मी विचारल्यावर त्याने एकच प्रश्न केला, "काम नक्की मिळेल ना? बॉलिंगचं राहू दे."

त्याला स्टोअरमध्ये असिस्टंट म्हणून आणलं. प्रोबेशन सहा महिन्यांचं. साहेब खूश झाले तर कन्फर्म, नाहीतर व्हिसा कॅन्सल आणि पुन्हा मेव्हण्याचं घर. हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही.

पहिल्याच मॅचमध्ये माझा जीव कासावीस झाला. त्याचा रनअप तोच होता, उडी तीच, पण उजवा हात वरच येत नव्हता. खांद्याच्या उंचीवरून चेंडू सुटायचा आणि समोरचा कोवळा पोरगा आरामात उचलून बाहेर टोलवायचा. एका ओव्हरनंतर मी त्याला थांबवलं. नंतर लक्षात आलं, गडी केससुद्धा डाव्या हाताने विंचरतो. हे त्याने मुंबईत सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. आणि विचारून तरी काय केलं असतं? बुडत्याला काडीचा आधार, तिथे मी काडी मोजत बसलो नसतो.

मग मी त्याला लपवायला लागलो. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्याने चेंडू टाकलाच नाही तर तो संपलाय हे कळणार कोणाला? त्याच्या वाट्याच्या ओव्हर मीच टाकायचो. माझ्या बॉलिंगला फिरकी म्हणणारे माझे मित्रच असणार, कारण चेंडू फिरायचा तो फटका बसल्यावर. तो मिड-ऑनला उभा राहायचा. आमची खेळपट्टी सिमेंटची होती. तिच्यावर काथ्याचं मॅटिंग अंथरून कडेने खिळे ठोकावे लागत. ते काम त्याने न सांगता स्वतःकडे घेतलं. सगळ्यांच्या आधी यायचा, मॅट अंथरायचा, मॅच संपली की गुंडाळायचा. टीममधली पोरं त्याला काका म्हणत. बॉलर कोणीच म्हणत नव्हतं.

एकदा माझी मुलगी मॅच बघायला आली होती. परतताना गाडीत ती म्हणाली, "बाबा, हाउ कम अंकल नेव्हर बोल्स?"

"टाकतील," मी म्हटलं.

"व्हेन?"

मी रेडिओ लावला. मुलांना उत्तर द्यायचा कंटाळा आला की आमच्या गाडीत रेडिओ लागायचा.

हाच प्रश्न साहेबांनी विचारला तेव्हा रेडिओ नव्हता. लिफ्टमध्ये गाठून म्हणाले, "तुम्हारा बंबईवाला बॉल क्यों नहीं डालता?" माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, उसको सेमीफायनल के लिए रखा है." साहेब मान डोलावून उतरले. आमची टीम त्या वर्षी काय, कुठल्याच वर्षी सेमीफायनलपर्यंत पोचली नाही. हंगाम संपला आणि त्याचे सहा महिनेही संपत आले. मला रात्री झोप लागेना. स्वतःच्या नोकरीची मी एवढी काळजी कधी केली नव्हती.

राहिली होती ती वार्षिक मॅच, मॅनेजमेंट विरुद्ध स्टाफ. तिचा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण ऑफिसबॉयपासून सगळ्यांना माहीत होता. साहेबांचं मन भरेपर्यंत त्यांना आउट करायचं नाही. अंपायर असायचे पर्सोनेलचे बाबू, आमचे सगळ्यांचे व्हिसा ज्यांच्या टेबलावरून जात. चुकून साहेबांची दांडी उडालीच तर ती पडायच्या आत बाबूंचा हात आडवा व्हायचा. नो-बॉल. सगळे हसायचे, साहेब पुन्हा खेळायचे.

त्या दिवशी त्याला चेंडू द्यायचं मी ठरवलंच होतं. साहेबांनी त्याला दोन चौकार मारावेत, खूश व्हावं आणि सही करावी, एवढाच हिशोब. सकाळी मॅट अंथरताना मी त्याला म्हटलं, "लेगच्या बाहेर टाक. फुलटॉस दिलास तरी चालेल."

"माहीत आहे रे," तो खिळा ठोकत म्हणाला. "आमच्या कारखान्यातही साहेब होतेच."

साहेब खेळायला आले. मी त्याच्या हातात चेंडू दिला आणि मिड-ऑफला जाऊन उभा राहिलो. साहेबांनी गार्ड घेतला, त्याच्याकडे बघून मोठ्याने हसले आणि म्हणाले, "आओ भई, सेमीफायनलवाले! यल्ला, डालो!"

सगळे हसले. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"सेमीफायनलवाला?" त्याने विचारलं.

मी फील्डर हलवायला लागलो. माझी थाप त्याला कळली असावी, कारण तो मान खाली घालून रनअपच्या खुणेकडे गेला आणि ती ओलांडून आणखी मागे चालत राहिला. मुंबईत तो जिथून यायचा तिथपर्यंत. ओरडावंसं वाटलं, की बाबा रे, मुलीचा विचार कर.

तो धावत आला. आणि हात वर गेला. कसा गेला, त्या खांद्यालाच ठाऊक. चेंडू ऑफच्या बाहेर पडला, साहेबांनी बॅट पुढे टाकली, आणि तो बॅट आणि पॅडमधून आत शिरला. मधली दांडी उखडून वाळूत पडली. वीस वर्षांमागे मला असाच बाद केला होता त्याने.

बाबूंचा हात आडवा झाला होता. "नो-बॉल!"

या वेळी कोणी हसलं नाही. तो वळून अंपायरकडे बघत राहिला. मग त्याने स्वतःच जाऊन दांडी उचलली, पुन्हा रोवली आणि चेंडू घेऊन परत आला. पुढचा त्याने फुलटॉस टाकला. साहेबांनी चौकार मारला. त्याच्या पुढच्यावरही मारला.

दुपारी बिर्याणीच्या रांगेत साहेबांनी बाबूंना बोलावलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "इसको कन्फर्म कर दो. स्टोअर में अच्छा आदमी चाहिए." मग त्याच्याकडे वळून, जरा हळू आवाजात, "वो नो-बॉल अच्छा था."

"थँक्यू, सर," तो म्हणाला.

मला हायसं वाटलं. इतकं, की माझ्याच्याने बिर्याणी खाववेना. सगळे पांगल्यावर तो एकटाच खिळे उपटत होता, म्हणून मी मदतीला गेलो. मॅट गुंडाळत आम्ही बॉलरच्या क्रीजच्या चुन्याच्या रेघेपाशी आलो तेव्हा तो थांबला. रेघेच्या बराच मागे त्याने बूट टेकवला.

"पाय इथे पडला होता ना?"

"तिथेच. मी मिड-ऑफला होतो."

"म्हणजे मागेच."

"मागेच होता."

त्याने मान हलवली. मग खाली वाकून उरलेली मॅट गुंडाळली आणि डाव्या खांद्यावर घेतली.