खोक्यातलं काम

दादांच्या हातात कुठलीही वस्तू द्या, ते आधी ती उलटी करून तिचं बूड बघत आणि विचारत, "हे बसणार कुठं?" मग तो रेडिओ असो, घड्याळ असो, नाहीतर त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या वहिनींनी, बाजारातून आणलेला माठ. वस्तू काय काम करते हे त्यांना नंतर ऐकायचं असे. मला केडगावचं एक स्थळ सांगून आलं होतं. माझ्या वडिलांनी मुलाचं शिक्षण, घराणं, शेतीवाडी सगळं कौतुकानं सांगितलं. दादांनी एवढंच विचारलं, "मुलगा दिवसभर असतो कुठं?" चौकशी केली तेव्हा तो दिवसभर घरीच असतो असं निघालं. स्थळ बारगळलं. दादांचे माझ्यावर उपकार आहेत म्हणते ते उगाच नाही.

असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. त्याच्या प्रश्नानं वैताग येतो आणि तो निघून गेल्यावर आपणच तो प्रश्न विचारायला लागतो.

ही सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. दादा आमच्या नात्यातले नव्हेत, वडिलांच्या ओळखीचे; भिंगारला लष्कराच्या एका खात्यात वायरलेसची यंत्रं दुरुस्त करायचे. नोकरी कायमची, राहायला क्वार्टर, पदरी दोन मुली. असा सुखाचा जीव एक दिवस लांबलचक बिनपगारी रजा टाकून आमच्या घराची पुढची खोली भाड्यानं मागायला आला. साखर कारखान्यासाठी त्यांना एक खोकं बनवायचं होतं. वडील मास्तर. त्यांनी खोली दिली आणि वर बजावलं, "रजा संपेपर्यंत जमलं तर ठीक. नाहीतर मुकाट्यानं कामावर जा."

मी तेव्हा फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले होते आणि घरात बसून पापड लाटत होते. दोन दिवस दारातून बघितल्यावर मी म्हटलं, "मला शिकवाल?"

दादांनी वर न बघता विचारलं, "रांगोळी येते?"

"येते."

"ठिपके सारखे पडतात?"

"पडतात."

"मग बस."

वायरी जोडायचा सोल्डरचा टाका म्हणजे रांगोळीचा ठिपकाच. कमी पडला तर जोड सुटतो, जास्त पडला तर शेजाऱ्याला जाऊन चिकटतो. दादा माझ्या टाक्यांना कधी चांगलं म्हणाले नाहीत. वाईट असला की "हं" म्हणायचे. "हं" आलं नाही की मी खूश.

आता या कामाला, म्हणजे यंत्राला आपलं आपण चालायला लावण्याला, एम्बेडेड सिस्टिम्स म्हणतात आणि मुलं त्यासाठी मोठमोठ्या कंपन्यांत जातात. आमच्याकडे तेव्हा चिप नव्हती, प्रोग्रॅम नव्हता. चार ट्रान्झिस्टर, एक रिले, म्हणजे विजेवर चालणारा खटका, आणि पत्र्याचं खोकं. गल्लीतल्या बायका येऊन विचारायच्या, "यावर गाणी लागतात का?" नाही म्हटलं की त्यांना आमची दया यायची.

खोक्याचं काम साधं होतं. कारखान्यात उसाचा रस पंपानं एका टाकीत चढायचा. टाकी भरली की पंप बंद व्हावा म्हणून आत एक पोकळ गोळा तरंगत असे. रस चिकट, त्यामुळे गोळा हमखास अडकायचा आणि रस उतू जायचा. दादांनी गोळा काढून टाकीत धातूच्या दोन कांड्या सोडायच्या ठरवल्या. रस वर येऊन दोन्ही कांड्यांना टेकला की त्यातून बारीकसा करंट वाहतो, खोक्याला कळतं की टाकी भरली, आणि ते पंप बंद करतं; रस उतरला की पुन्हा चालू.

दादांनी खोकं पत्र्याच्या छपरावर भर उन्हात ठेवून तापवलं, पाट्यावरवंट्याशेजारी ठेवून हादरवलं, चुलीच्या धुरात टांगलं. उन्हात ट्रान्झिस्टर वेडेवाकडे वागायला लागले तेव्हा हवा खेळावी म्हणून झाकणाला वरून भोकं पाडली. "कारखान्यात जे जे होतं ते सगळं इथं करून झालं," असं ते म्हणाले आणि खोकं पोत्यात गुंडाळून आम्ही श्रीरामपूरच्या एस.टी.त बसलो. कारखाना त्याच बाजूला होता.

गळीत हंगामाचा पहिला दिवस. मांडव, हार, पुढारी मंडळी. आमचं खोकं टाकीशेजारी बसवलं, पंप चालू झाला, रस चढला, पंप आपणहून बंद झाला. दादांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना हसू आवरत नव्हतं. थोड्या वेळानं आम्ही चहाला गेलो आणि परत येतो तो टाकी ठणठणीत कोरडी, पंप बंद, पुढचं सगळं काम खोळंबलेलं आणि चीफ इंजिनिअर लालबुंद.

"टाकी रिकामी आहे, आणि हे तुमचं यंत्र म्हणतंय भरली! घेऊन जा हे."

दादांनी झाकण उघडलं. आत हळदकुंकवाचा चिखल. आमच्या मागे फिटरनं रीतीप्रमाणे नव्या मशिनीची पूजा केली होती आणि झाकणाच्या कडेवरच नारळ फोडला होता. पाणी भोकांतून आत गेलं आणि कांड्यांच्या वायरी जिथे जोडल्या होत्या तिथेच साचलं. नारळाचं पाणी काय आणि उसाचा रस काय, खोक्याला दोन्ही सारखंच. त्यानं इमानेइतबारे टाकी भरल्याचं कळवलं.

मला रडू यायचं बाकी होतं. दादा मात्र त्या फिटरला बाजूला घेऊन अगदी आस्थेनं विचारत होते, "पुढच्या वेळी नारळ कुठं फोडाल?"

"हितंच की! मशीन हितं आन नारळ काय दुसऱ्याच्या डोस्क्यावर फोडू व्हय? नव्या मशिनीला नारळ न्हाई दिला तर ती रुसती, सायेब."

"बरोबर आहे तुमचं," दादा म्हणाले. परतीच्या गाडीत मी फिटरला नावं ठेवायला लागले तर मलाच गप्प केलं. "ऊन धरलं, धूर धरला. पूजा धरायची राहिली. चूक त्याची कशी?"

नव्या खोक्याचं झाकण उतरतं केलं. भोकं गेली कुशीला, वायरींचे जोड गेले बुडाशी. आणि पुढच्या बाजूला दादांनी कडेला पन्हाळ असलेली एक लोखंडी फळी जोडून घेतली. फिटर ती बघून हरखला. "ह्ये बेस केलं. देवाला बी जागा दिली." त्यानं फळीवर नारळ फोडला, पाणी पन्हाळीतून खाली गेलं, आणि खोकं आपलं काम करत राहिलं. चीफ इंजिनिअर तेव्हाही प्रसन्न झाले नाहीत. "हंगाम पार पडू द्या, मग ऑर्डरचं बघू," म्हणाले.

हंगाम संपणार उन्हाळ्यात आणि दादांची रजा संपणार संक्रांतीला. तोवर हजर झाले नाहीत तर नोकरी जाणार आणि तिच्याबरोबर क्वार्टरही. वहिनी तिळगूळ घेऊन आल्या तेव्हा त्यांचे डोळे सुजलेले होते. "मी नको म्हणाले नाही गं," त्या मला म्हणाल्या, "क्वार्टर सुटलं तर मुलींना घेऊन राहायचं कुठं, एवढंच विचारलं." हा तर दादांचाच प्रश्न. दुसऱ्या दिवशी त्यांनी टेबल पुसलं, अवजारं जागेवर लावली आणि मला म्हणाले, "उद्यापासून ड्यूटी."

खोकं हंगामभर एकदाही चुकलं नाही. उन्हाळ्यात चीफ इंजिनिअर स्वतः जीप घेऊन आमच्या दारात आले. त्यांना प्रत्येक टाकीला खोकं हवं होतं. वडिलांनी दादांना बोलावून आणलं. दादा उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. सरकारी नोकराला धंदा करता येत नाही, आणि आता तर ते पुन्हा कामावर हजर होते.

"बनवणारी ही आहे," ते माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले.

"ही मुलगी?"

"पहिल्या खोक्यातले टाकेसुद्धा हिचेच आहेत. एकही सुटलेला नाही."

माझ्या कामाबद्दल त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं चांगलं म्हणाल तर एवढंच. त्यावर माझा सगळा जन्म निघाला. पुढे चिप आल्या, प्रोग्रॅम आले, माझ्या हाताखाली इंजिनिअर आले. लोक मला विचारतात, सुरुवात कुठून केली? मी म्हणते, दुसऱ्याच्या टेबलावरून.

दादा रोज सकाळी सायकलवरून कामावर जाताना आमच्या घरासमोर वेग कमी करायचे. ते मला कळल्यावर मी तयार झालेलं खोकं झाकण उघडं ठेवून रस्त्याकडच्या खिडकीत मांडायला लागले. ते एक पाय जमिनीला टेकवून बघायचे. कधी मान हलायची, कधी बोट वायरीकडे जायचं, आणि मी ती वायर बदलायचे. एकदा मला राहवलं नाही. मी म्हटलं, "दादा, आत या ना. चहा टाकते."

त्यांनी खोलीत, टेबलाकडे पाहिलं. "नको गं," म्हणाले. "आत आलो तर मग उठवणार नाही."

घंटी वाजवून ते निघून गेले. मी खिडकीशी उभी राहून खूप रडले. स्वतःचं काम असं रस्त्यावरून बघायची पाळी कुणावर येऊ नये.

दोन वर्षांनी त्यांची जबलपूरला बदली झाली. वहिनी निरोप घ्यायला आल्या. दादा सामानाच्या ट्रकमध्ये पुढे बसले होते, त्यांनी तिथूनच हात हलवला. पुढच्या आठवड्यात एक खोकं पुरं झालं आणि मी ते सवयीनं खिडकीत मांडलं. ऑफिसांची वेळ झाली, सायकली आल्या आणि गेल्या. एक अनोळखी गृहस्थ थांबले, खोक्याकडे बघून म्हणाले, "हे विकायला ठेवलंय का, ताई?"

मी नाही म्हटलं आणि ते आत घेतलं.